शेठच्या खणातला चिमटा

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो, आणि मी अजून कुणालाही माफ केलेलं नाही.

हे आधीच सांगितलेलं बरं. आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू बहुधा मवाळ असतात. त्या उसासे टाकतात, गेलेले दिवस आठवतात आणि शेवटी हात जोडतात. मला जोडायला हात नाहीत. दोन पाय आहेत, पायांच्या टोकाला बारीक दाते आहेत, आणि त्या दात्यांत जे सापडतं ते मी सहसा सोडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्यावर गंज चढला, पण माझा ताण काही गेला नाही.

माझा जन्म पोलादाच्या पत्र्यातून झाला. कुठल्या गावी ते मला ठाऊक नाही. जन्मताच आम्हां बारा भावांना तेलकट कागदात गुंडाळून खोक्यात घातलं, आणि खोकं उघडलं ते थेट तलासरीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात. बारांतला एक भाऊ कुणीतरी चहाचा गरम ग्लास उचलायला नेला, तो परत आलाच नाही. एक जीपच्या बॉनेटमध्ये पडला आणि पुढे जीपबरोबरच भंगारात गेला. बाकीचे कुठल्या कुठल्या शिबिरांत हरवले. उरलो मी एकटा.

माझे उमेदीचे दिवस मात्र चांगले गेले. बैलाच्या खुरातला काटा मी काढला, शिंगाखालच्या जखमेतल्या अळ्या वेचल्या. एकदा वरोरच्या किनाऱ्यावर शिबिर होतं. तिथे चंद्रावती नावाच्या मासे विकणाऱ्या बाई आपलं कुत्रं घेऊन आल्या. त्याच्या ओठात मासे धरायचा गळ आरपार रुतला होता. चारजणांनी कुत्र्याला धरलं आणि मी तो गळ हळूच मागे घेतला. "एवढासा चिमटा, पण इमानदार हाय," असं म्हणून बाईंनी डॉक्टरांना सुक्या बोंबलांची जुडी दिली. मला काही मिळालं नाही, पण ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे. माझ्या आयुष्यात कौतुक एवढंच झालं.

आता माझ्या वैऱ्याबद्दल सांगतो. गोचीड तुम्ही पाहिला असेल. गाईच्या कानात, बकरीच्या शेपटीखाली, कुत्र्याच्या बोटांमध्ये तो तोंड रुतवून बसतो. ना काम ना कष्ट, आयत्या बिळावर नागोबा. आधी तिळाएवढा असतो, रक्त पिऊन पिऊन वाटाण्याएवढा होतो. आपल्याकडे त्याला उपटायचं आणि अंगठ्याच्या नखाखाली धरून दगडावर फोडायचं अशी रीत आहे. फट्ट आवाज येतो, लाल डाग पडतो, आणि फोडणाऱ्याला सूड घेतल्याचं समाधान मिळतं. पाड्यावर दुपारच्या वेळी म्हातारी माणसं गप्पा मारता मारता असे पन्नास गोचीड सहज फोडतात. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात सुषमा मॅडम नावाच्या डॉक्टर आल्या. त्यांनी आल्याआल्या सगळी कपाटं उपसली. मी एका कोपऱ्यात गंजत पडलो होतो. त्यांनी मला घासलं, उकळलं आणि उजेडात धरून पाहिलं. त्याच महिन्यात त्यांनी गावोगाव फिरून एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. काही गोचिडांच्या पोटात एक विषाणू असतो. जनावराला त्याचं काहीच होत नाही. गाय चरते, बकरी उड्या मारते. पण तोच गोचीड माणसाला चावला, किंवा हाताने फोडताना त्याचं रक्त कापलेल्या बोटाला लागलं, तर माणसाला ताप चढतो. त्याला काँगो ताप म्हणतात. डोळे लाल होतात, हिरड्यांतून रक्त येतं, आणि कधी कधी आठवडाभरात माणूस जातो. म्हणून गोचीड नखाने फोडायचा नाही. हातमोजे घालायचे, चिमट्याने कातडीलगत धरायचा, सरळ ओढायचा, आणि नंतर साबणाने हात धुवायचे.

"नखं आहेत की," असं म्हणून लोक हसायचे.

ज्यांच्याकडे जनावरं जास्त, त्यांना मॅडमनी एकेक चिमटा आणि हातमोज्यांचं पाकीट दिलं. माझ्या नशिबी प्रविणशेठ आला.

प्रविणशेठची शेड झरी गावाच्या पलीकडे, एका पाड्याच्या तोंडाशी आहे. पाड्याचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या लोकांनी काही केलेलं नाही. शेठ राज्याच्या हद्दीपलीकडून बकऱ्या आणायचा, चार दिवस शेडात ठेवून त्यांना चारापाणी करायचा, अंगावरचे गोचीड काढून त्यांना चकचकीत करायचा आणि आठवड्याच्या बाजारात उभ्या करायचा. मॅडमनी मला त्याच्या हातात ठेवलं तेव्हा तो म्हणाला, "हो मॅडम, उद्यापासून ह्यानेच काढायला सांगतो." मॅडमची गाडी वळणावर गेली आणि त्याने मला टेबलाच्या खणात टाकलं. हातमोजे त्याने आपल्या मोटारसायकलच्या डिकीत ठेवले, गाडी पुसायला.

खणात मी दीड वर्ष होतो. त्या काळात त्याने माझा काय उपयोग केला ते सांगायला मला आजही लाज वाटते. तो मला नाकातले केस उपटायला वापरायचा. दर सोमवारी आरसा, प्रविणशेठचं नाक आणि मी. एकदा मी मुद्दाम तीन केस एकदम धरले. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो अर्धा तास शिंकत होता. तेवढाच काय तो मला विरंगुळा.

त्या खणाला पुढून एक फट होती. फटीतून मला शेडाचा मधला भाग दिसायचा. तिथे रोज सकाळी चिमण बसायचा.

चिमण पाड्यातलाच. दिवाळीनंतर गवत कापायला जायचा, भारे बांधायचा, आणि एरवी शेठच्या बकऱ्या सांभाळायचा. उंच, सडपातळ, बोलायला कमी. त्याचा बाप दारूपायी गेला होता, म्हणून त्याच्या आईने, नवशीने, त्याला वयात येताच वाघबारशीच्या दिवशी वाघदेवापुढे हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती की दारू आणि ताडी तोंडाला लावणार नाही. त्याने ती पाळली. लग्नात बाकीचे झिंगले की त्यांना धरून घरोघर पोचवायचं काम ह्याच्याकडे असायचं. वाघदेवाची शपथ मोडली तर काय होतं हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

एका सकाळी चिमण आला तो अंगठ्याला फडकं बांधून. गवत कापताना विळा लागला होता. त्याने टेबलापाशी येऊन विचारलं, "शेठ, म्याडमनी चिमटा दिलेला ना? बोट कापलाय."

शेठ तेव्हा फोनवर बोलत होता. त्याने फोन बाजूला धरला आणि म्हणाला, "चिमट्याने धा बकऱ्या व्हायला दुपार होईल. उद्या बाजार आहे. देवाने नखं दिलीत ना तुला?"

मित्रांनो, मी चिमणच्या हातापासून एक वीत अंतरावर होतो. मधे फक्त एक फळी होती. चिमणने फडकं सोडलं, कारण फडक्याने पकड येत नव्हती, आणि तो खाली बसला. मी त्या दिवशी आवाज मोजले. फट्ट, फट्ट, फट्ट. एकशे चाळीसपर्यंत मोजले आणि मग मोजायचं थांबवलं.

सहाव्या दिवशी चिमण शेडातच तापाने पडला. त्याचे डोळे लालभडक झाले होते. दोन दिवसांनी त्याने चूळ भरली तर थुंकीत रक्त आलं. शेठ घाबरला आणि त्याने आपल्याच जीपमधून त्याला माणसांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पुढचं मी नंतर लोकांच्या तोंडून ऐकलं. वाटेत चिमण रक्त ओकला. तिथे पोचल्यावर तासाभरात तो गेला. कुणाला काही सुचायच्या आत गेला, त्यामुळे त्याचं रक्तही कुणी तपासायला पाठवलं नाही. वय होतं एकतीस.

खाई त्याला खवखवे. शेठला आपण काय केलं ते पुरतं ठाऊक होतं. मॅडमचे शब्द त्याने ऐकलेले होते. म्हणून प्रेत पाड्यात आणलं तेव्हाच त्याने बोलून टाकलं, "शेडात लपून ताडी प्यायचा. रिकाम्या बाटल्या मीच फेकल्या कितीदा. आतून सगळं फुटलं त्याचं."

पाड्यात त्याआधी रक्त ओकून मेलेले दोघे होते, ते दोघेही पिणारे होते. त्यामुळे लोकांना पटलं. बाकी कुणाला पटलं असतं तरी चाललं असतं, पण नवशीला पटलं. ती म्हणाली, "माझे पोराने मना फसवला. वाघदेवाला पण फसवला. देवाने नेला त्याला." त्यानंतर तिने पोराचं नाव घेणं सोडलं. वाघबारशीला घरच्या प्रत्येकाच्या, गेलेल्यांच्याही, नावाने नारळ ठेवायची तिची पद्धत होती. त्या वर्षी तिने चिमणच्या नावाचा ठेवला नाही.

चिमणची बायको शुक्री. तिने सासूला शंभरदा सांगितलं की तो पीत नव्हता. ती त्याच्या शेजारी झोपायची, तिला वास आला नसता का? पण बायको नवऱ्याची बाजू घेणारच, असं म्हणून नवशी तोंड फिरवायची. दोघी एकाच चुलीवर शिजवलेलं खायच्या आणि आठ आठ दिवस एकमेकींशी बोलायच्या नाहीत. आपल्या नवऱ्याचं नाव ह्या म्हातारीच्या तोंडून परत यायला हवं, एवढं एकच शुक्रीला हवं होतं.

मॅडमना चिमणच्या मरणाची बातमी महिन्याने कळली. त्या शेडावर आल्या आणि त्यांनी विचारलं, "मी दिलेला चिमटा कुठे आहे?" शेठने खण उघडला. मॅडमनी मला उचललं. माझ्या दात्यांत शेठच्या नाकाचा एक पांढरा केस अडकला होता. त्यांनी तो पाहिला, शेठकडे पाहिलं, आणि मला रुमालात गुंडाळून घेतलं. तिथून त्या सरळ शुक्रीच्या घरी गेल्या.

गावातल्याच बाईला जनावरांची साधी देखभाल शिकवून ते काम तिच्यावर सोपवतात. तिला पशुसखी म्हणतात. मॅडमनी शुक्रीला पशुसखी केलं आणि मला तिच्या पिशवीत दिलं. पिशवीत मी, प्लास्टिकच्या झाकणाच्या नळ्या, हातमोजे, थर्मामीटर आणि कागदात गुंडाळलेली साबणाची वडी. पिशवीचं तोंड जरा फाटलेलं होतं, तिथून माझं डोकं बाहेर असायचं. खणाच्या फटीपेक्षा ही जागा कितीतरी बरी होती.

पहिल्या दिवशी शुक्रीने माझ्या दात्यांत एक गोचीड धरला आणि असा दाबला की माझे दोन्ही पाय वाकले. मलाही तेच हवं होतं. मॅडमनी तिचा हात धरला. "फोडू नको, शुक्रीताई."

"ह्याला फोडू नको तं काय ओवाळू?" शुक्री म्हणाली.

"फोडलास तर तो काही सांगणार नाही. अख्खा हवा. नळीत घालायचा, नळीवर जनावराचा आणि मालकाचा नंबर लिहायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा. पुण्याला प्रयोगशाळेत त्याच्या पोटात काय आहे ते तपासतात. तुझ्या नवऱ्याला काय झालं ते सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही."

 शुक्रीने त्या गोचिडाला नळीत सोडलं आणि झाकण लावलं. त्या दिवसापासून तिने एकही गोचीड फोडला नाही. ज्याच्या जातीने तिचा संसार मोडला त्याला ती असं अलगद उचलायची की मलाच राग यायचा. पुढे माझ्या लक्षात आलं की ही माझ्याहून जास्त रागावलेली आहे, फक्त हिला घाई नाही.

शेठ तिला शेडात पाऊल ठेवू देईना. "तपासणीच्या नावाने माझा धंदा बुडवायला आलीस," म्हणायचा. एकदा तर चार माणसांत म्हणाला, "नवऱ्याला ताडी सोडवता आली नाय, माझ्या बकऱ्या काय तपासतेस?"  शुक्री आठवड्याच्या बाजारात गेली. बाजारात उभं असलेलं जनावर पशुसखी तपासू शकते, तिथे शेठची फाटकं नव्हती. शेठ गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता तेवढ्यात तिने त्याच्या बारा बकऱ्यांचे कान, काखा, शेपटीची मुळं पाहिली. मी त्या दिवशी जे काम केलं तसं वरोरलाही केलं नव्हतं. एकोणतीस गोचीड, एकही फुटला नाही, एकाचंही तोंड कातडीत तुटून राहिलं नाही. बकऱ्या रवंथ करत उभ्या होत्या, त्यांना पत्ताही नव्हता.

तीन आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. शेठच्या तीन बकऱ्यांवरच्या गोचिडांत तो विषाणू सापडला होता.

 शुक्रीने विचारलं, "म्हणजे आता कागदावर येल का, चिमण ताडीने नाय मेला ते?"

मॅडम खोटं बोलणाऱ्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नाही येणार. त्याचं रक्त आपल्याकडे नाही. त्याच शेडातल्या बकऱ्यांच्या गोचिडांत विषाणू आहे, एवढंच हा कागद म्हणतो. उद्या अकरा वाजता आम्ही पथक घेऊन येतो, शेड बंद करू, फवारणी करू. शेठना तपासणी आहे एवढंच कळवलंय. तू थोडी आधी जा आणि शेडात कुणाला बकऱ्यांना हात लावू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही शेडाच्या फाटकाशी पोचलो. शेठचे दोन्ही गडी गवताच्या कापणीला गेले होते. तपासणीला पथक येणार म्हणून शेठ स्वतःच बकऱ्या साफ करायला बसला होता. बाह्या वर सारलेल्या, समोर दगड, आणि नखाखाली गोचीड. फट्ट. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले होते. जिथे चिमण बसायचा तिथेच तो बसला होता, आणि पाठ आमच्याकडे होती.

शुक्री फाटकाला धरून उभी राहिली. तिने हाक मारली नाही.

मित्रांनो, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. गप्प राहा, बाई, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. तुला काहीच करायचं नाही. चार पावलं मागे घे, झाडाखाली बस, अकरा वाजता मॅडमबरोबर ये. त्याच्या नखांना त्याचं काम करू दे. देवाने दिली आहेत ना?

फट्ट. दुसरा. तिसरा. शुक्रीच्या हाताची बोटं फाटकाच्या जाळीत रुतून पांढरी झाली होती. चौथ्या गोचिडाला त्याने हात घातला तेव्हा ती बोलली.

"शेठ, थांबा. पुण्याचा कागद आला. तुमचे शेडातल्या बकऱ्यांच्या गोचिडांत तो ताप हाय."

शेठने मागे वळून पाहिलं आणि मग आपल्या हातांकडे पाहिलं. चिमणला जीपमधून नेताना त्याने जे पाहिलं होतं ते त्याला आठवलं असणार, कारण त्याचा चेहरा एका क्षणात पांढरा पडला. तो पाण्याच्या पिंपाकडे धावला.

"त्यात हात घालू नका," शुक्री म्हणाली. "बकऱ्या पितात त्यातलं. नुसत्या पाण्याने जात पण नाय. साबण पायजे. तोंडाला, डोळ्याला हात लावू नका. कशालाच लावू नका."

"साबण दे मग."

"तुमचे शेडात नाय का?"

शेडात साबण नव्हता. त्या शेडात साबण कधी आलाच नव्हता, मी दीड वर्ष तिथे काढलं आहे.

"माझे घरी हाय," शुक्री म्हणाली. "चला."

साबणाची वडी माझ्या शेजारीच होती. तिचा कागद माझ्या पायाला घासत होता. मी बोलू शकत नाही ह्याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला.

शुक्रीचं घर पाड्याच्या दुसऱ्या टोकाला. पुढे शुक्री, मागे प्रविणशेठ, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, बोटं फाकलेली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्याला तो पुसता येत नव्हता. अंगणाअंगणातून लोक उठून बघायला लागले. कुणी विचारलं, "काय झाला शेठ?"   शुक्री नेहमीपेक्षा जरा सावकाशच चालत होती.

नवशी अंगणात सूप पाखडत बसली होती. शेठला असा आलेला पाहून तिचं सूप थांबलं.

"साबण," शेठ म्हणाला.

"देते," शुक्री म्हणाली. "पयला सांगा, चिमणच्या हाताला पण असाच रक्त होता ना? तो कशाने मेला?"

शेठने इकडे तिकडे पाहिलं. मागे पंधरा-वीस माणसं जमली होती.

"गोचिडाने," तो पुटपुटला.

"माझे सासूला कमी ऐकू येतं."

"गोचिडाने," शेठ मोठ्याने म्हणाला, आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "तो पीत नव्हता. मी कधी बाटली बघितली नाय. मॅडमनी चिमटा दिलेला, त्याने मागितलेला, बोट कापलं होतं त्याचं. मीच दिला नाय. घाई होती. ताडीचं मीच उठवलं. नवशीबाय, आता साबण दे, माझ्या पाया पडतो."

नवशीने सूप खाली ठेवलं. मग ती उठली, आत गेली, आणि फडताळातली भांडी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन ती म्हणाली, "घरात साबण नाय. परवाच सरला."

तेव्हा शुक्रीने पिशवीत हात घातला, माझ्या बाजूची वडी काढली, कागद सोडला आणि ती शेठपुढे धरली.

शेठने साबणाकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. मग शुक्रीच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि शेडापासून इथपर्यंतची सगळी वाट त्याला कळली.  त्याने ओंजळ पुढे केली. पाणी नवशीने ओतलं. तीन हंडे ओतेपर्यंत तिने हात थांबवला नाही, आणि ओतताना ती रडत होती.

मॅडम अकराला आल्या आणि सगळं ऐकून शुक्रीला खूप रागावल्या. "त्या दहा मिनिटांत त्याच्या बाबतीत काही वाईट झालं असतं तर?"

"तं मी त्याचा रक्त काढून पुण्याला पाठवायला लावला असता, म्याडम," शुक्री म्हणाली. "माझे नवऱ्याचा कुणी पाठवला नाय."

 शेड बंद झाली, फवारणी झाली, बकऱ्या वेगळ्या बांधल्या. शेठला तेरा दिवस नजरेखाली ठेवायचं ठरलं. आपल्याकडे तेरा दिवस कशाचे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे, शेठलाही होतं. रोज सकाळी शुक्री जाऊन त्याचा ताप मोजायची. थर्मामीटर त्याच्या तोंडात असेपर्यंत तो तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचा, आणि ती आकडा सांगायच्या आधी थोडा वेळ थांबायची. त्याला ताप आला नाही. खरं सांगतो, मला थोडं वाईट वाटलं.

पुढच्या वाघबारशीला नवशीने दोन नारळ जास्तीचे आणले. एक ह्या वर्षाचा आणि एक गेल्या वर्षीचा राहिलेला. दोन्ही ठेवताना तिने नाव घेतलं, "माझा चिमण." पुढे बसलेल्या शुक्रीने मान खाली घातली. त्या दिवसापासून त्या घरात माणसं बोलायला लागली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला चकचकीत ठेवू नका, माझं कौतुक करू नका. फक्त मला खणात टाकू नका. मी स्वस्त आहे, संथ आहे, माझ्याने दहा बकऱ्यांना दुपार होते हे खरं आहे. ती दुपार द्या. गोचीड कितीही राग आणो, त्याला नखाने फोडू नका. हात धुवा, आणि साबण अशा जागी ठेवा की तो मागायला कुणाच्या दारात जावं लागणार नाही. दुसऱ्याला कामाला लावणार असाल तर त्याच्या हातात आधी मला द्या. नाहीतर मी बघत असतो, आणि मी विसरत नाही.

प्रविणशेठची शेड आता पुन्हा चालू झाली आहे. भिंतीवर सहा चिमटे टांगलेले आहेत, सगळे माझ्या धाकट्या भावंडांसारखे. आठवड्याच्या बाजारात तो बकऱ्या घेऊन उभा असतो तेव्हा शुक्री तिथे येते. भोवती गिऱ्हाइकं असतात, गावची, पाड्याची, चिंचणीहून सुकी मासळी घेऊन आलेली माणसं असतात. ती बकऱ्या तपासते, आणि मग सगळ्यांसमोर म्हणते, "शेठ, हात दाखवा." शेठ बोलणं अर्धवट सोडतो आणि दोन्ही हात पुढे करून दाखवतो.